गुप्तता राखली जाईल

आमच्या धंद्यात दोन गिऱ्हाइकं कधीच आटत नाहीत. एक क्लासवाला आणि दुसरा औषधवाला. सोन्याचा भाव चढला की कोल्हापूरच्या गुजरीतले सराफ जाहिरात थांबवतात, बिल्डर तर मंदीचा नुसता वास आला तरी आखडतो. २०१९ च्या महापुरात हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही अशी गत झाली होती. पाणी उतरायला लागल्यावर माझ्या एजन्सीत जे पहिले फोन आले त्यांत एक 'बॅच पुन्हा सुरू'चा होता आणि एक चिखल्यांवरच्या मलमाचा. लक्ष्मीपुरीतल्या माझ्या टेबलावर ज्या छोट्या जाहिराती येतात, शब्द मोजून पैसे घ्यायच्या, त्यांतून हे दोघे वजा केले तर खाली उरतं ते 'भाड्याने देणे आहे' आणि नाव बदलल्याच्या नोटिसा.

म्हणूनच हिकीचं पत्र मला परकं वाटलं नाही.

जेम्स ऑगस्टस हिकी याने २९ जानेवारी १७८० ला कलकत्त्यात काढलेलं 'बेंगॉल गॅझेट' हे हिंदुस्थानातलं पहिलं छापील वर्तमानपत्र, एवढं स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पोराला पाठ असतं. त्याचं पूर्ण नाव मात्र कुणी विचारत नाही. ते होतं 'हिकीज बेंगॉल गॅझेट ऑर द ओरिजिनल कलकत्ता जनरल ॲडव्हर्टायझर'. आपल्या देशात वर्तमानपत्र जन्माला आलं ते जाहिरातीचं नाव लावूनच, याचा मला धंदेवाईक अभिमान आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याचे अंक स्कॅन करून सगळ्यांना खुले ठेवलेत. दुपारी ऊन तापलं, गिऱ्हाईक नसलं, की मी ती पानं मोठी करून बघत बसतो. शाई पसरलेली, कॉलमच्या रेघा जागोजाग तुटलेल्या, आणि शब्दाच्या पोटातला 'एस' जवळजवळ 'एफ' दिसणारा. त्यामुळे पहिली काही मिनिटं सगळं पत्र बोबडं बोलतं. मग डोळे सरावतात.

हिकीची राजकीय कथा सर्वांना आवडते: गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जवर तुटून पडला, तुरुंगात गेला, तुरुंगातून पत्र काढलं, मार्च १७८२ मध्ये त्याचे छपाईचे खिळे जप्त झाले. ती आवडण्यासारखीच आहे. मला त्याच्या आधीच्या उद्योगात जास्त रस आहे. हा गडी इकडे आला तो जहाजावरच्या सर्जनचा मदतनीस म्हणून. कलकत्त्यात त्याने थोडी डॉक्टरकी केली, थोडा व्यापार केला, कर्जात बुडून कैदेत पडला आणि तिथे छपाईला लागला. म्हणजे या देशातला पहिला संपादक हा अर्धा औषधवाला होता. तेव्हा हे दोन धंदे एकमेकांना फार लांबचे नव्हतेच. लंडनमध्ये तर एकाच दुकानात मिळायचे.

जॉन न्यूबेरी नावाचा लंडनचा प्रकाशक लहान मुलांच्या पुस्तकांसाठी आजही नावाजला जातो. त्याच्याकडे 'डॉ. जेम्स पावडर' या तापावरच्या औषधाच्या विक्रीचे हक्क होते. १७६५ साली त्याने छापलेल्या एका गाजलेल्या बालकथेत नायिकेचा बाप सुरुवातीलाच तापाने मरतो. का मरतो? तर तो अशा ठिकाणी आजारी पडतो जिथे डॉ. जेम्सची पावडर मिळत नाही! मालिकेतल्या सुनेच्या हातात मसाल्याचं पाकीट दाखवणाऱ्यांनी या माणसाच्या तसबिरीला हार घालायला हवा. पावडर होती अँटिमनी या धातूची, म्हणजे जहालच. कवी ऑलिव्हर गोल्डस्मिथने १७७४ मध्ये शेवटच्या आजारात डॉक्टर नको म्हणत असताना तीच हट्टाने घेतली आणि तो गेला. पावडरीचा खप काही थांबला नाही.

या औषधांना 'पेटंट' म्हणत, पण त्यांतल्या बहुतेकांना पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते सांगावं लागतं, आणि सांगितलं की संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय १७८३ मध्ये ब्रिटिश सरकारने अशा औषधांवर कर बसवला आणि प्रत्येक बाटलीवर कराचं तिकीट चिकटवणं सक्तीचं केलं. सरकारला हवा होता महसूल. लोकांनी बाटलीवर सरकारी शिक्का पाहिला आणि समजले की सरकारनेच औषध तपासून दिलंय. विकणाऱ्यांनी तो समज काही दूर केला नाही. आमच्याकडे आजही एखाद्या पत्र्याच्या शेडमधल्या क्लासवर 'शासनमान्य' असं मोठ्या अक्षरात असतं आणि चौकशी केली तर निघतं महापालिकेचं दुकान परवाना पत्र.

पण मुळात कलकत्त्यात हे सगळं वर्तमानपत्रात का छापावं लागलं? तर तिथला वाचक कोण, ते बघा. ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून सोळा-सतरा वर्षांचा असताना जहाजात बसायचा आणि कित्येक महिन्यांनी हुगळीच्या काठाला उतरायचा. गावचा वैद्य नाही, आई नाही, चर्चमधला ओळखीचा पाद्री नाही. मुंबईतल्या इंग्रजांत तर म्हणच होती की दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य. कामकाजाला फारशी भाषा लागायची, कारण कंपनीच्या कचेऱ्यांत आणि कोर्टांत १८३७ पर्यंत तीच चालायची; म्हणून ती शिकवणारा मुन्शी हवा. संध्याकाळी नाच असायचा, मोजक्या गोऱ्या बायका आणि ढीगभर गोरे पुरुष. तिथे पाऊल चुकलं तर वर्षभर चेष्टा, म्हणून नाच शिकवणारा हवा. चित्र काढायला शिकवणारे, वाद्यं शिकवणारे, बंगालच्या दमट हवेत हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या वाद्यांचे सांधे सुटायचे म्हणून ती दुरुस्त करणारे, असे सगळे त्या जुन्या कलकत्त्याच्या पत्रांत हजेरी लावतात. त्यांच्याच शेजारी युरोपातून आलेल्या मालाच्या याद्या, मद्यापासून टोप्यांपर्यंत, आणि त्यांत औषधं. कुणाची कुणाशी ओळख नव्हती, म्हणून कागदाने ओळख करून द्यायची.

मात्र त्या पत्रांतली मला सर्वांत जिव्हारी लागलेली जाहिरात शिकवणाऱ्याची नाही. ती शिकू पाहणाऱ्यांची आहे. २३ एप्रिल १७८९ च्या 'कलकत्ता गॅझेट'मध्ये 'बंगालच्या काही रहिवाशांची नम्र विनंती' छापून आली. इंग्रजीत. कुणा सद्गृहस्थाने कृपा करून बंगालीचं व्याकरण आणि शब्दकोश करावा, त्यात आमच्या देशातले नेहमीचे शब्द इंग्रजीत दिलेले असावेत, म्हणजे आम्हाला इंग्रज सरकारच्या नजरेत भरता येईल आणि त्यांचे हुकूम समजतील. आम्ही आणि आमचे वंशज हे उपकार कायम स्मरू, असा तिचा आशय. खाली एकाचंही नाव नाही. मी ती वाचली आणि डोक्यातल्या डोक्यात तिचे शब्द मोजले, सवयीने. आजच्या दराने बरेच पैसे झाले असते. त्या लोकांनी दिलेही असतील. ज्यांची सत्ता आली त्यांची भाषा येत नाही हे चारचौघांत सांगायला त्यांना जड गेलं असणार, आणि छापून सांगायला गेलं नाही. कागदाला तोंड दिसत नाही.

मराठीत हे काम बाळशास्त्री जांभेकरांनी आणखी नेटकं केलं. त्यांचं पोंभुर्ले इथून फार लांब नाही, गगनबावड्याचा घाट उतरला की देवगडच्या अंगाला. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी मुंबईत 'दर्पण' काढलं आणि पानावर दोन रकाने केले, एकात इंग्रजी, एकात मराठी. देशबांधवांत इंग्रजी विद्येचा अभ्यास वाढावा हा हेतू त्यांनी उघडच सांगितला होता. पत्र १८४० पर्यंत चाललं. त्या आठ वर्षांत किती जणांनी डावीकडचं वाचून उजवीकडचं ताडून बघितलं असेल! बातमी वाचतोय असं दाखवायचं आणि गुपचूप धडा गिरवायचा. शिकवणी घेतोय हे घरच्यांनाही कळायचं कारण नाही. आणि खिळ्यांची गोष्ट निघालीच आहे तर, मुंबईत 'बॉम्बे कुरियर'च्या छापखान्यातल्या जिजीभाई छापगर या पारशी कारागिराने १७९७ च्या सुमारास गुजराती खिळे पाडले ते जाहिराती छापण्यासाठी. धर्मग्रंथासाठी नाही, काव्यासाठी नाही. हे मी आमच्या धंद्याला नावं ठेवणाऱ्या प्राध्यापक मंडळींना आवर्जून सांगतो.

आता कोल्हापूर. इथे कलकत्त्याचा हिशेब लागू पडत नाही. इथे सगळेच सगळ्यांना ओळखतात. पेठेत वैद्य कोण चांगला हे सांगायला वर्तमानपत्र लागत नव्हतं आणि शिकवायचं म्हटलं तर गुरूकडे जायची रीत होती. तालमीत वस्तादाने कधी जाहिरात दिल्याचं ऐकलंय का? पोरगं लंगोट घेऊन जातं, लाल मातीला हात लावून पाया पडतं, मार खातं, शिकतं. गाण्याचंही तेच. अल्लादियाखाँसाहेब दरबारात असताना त्यांच्याकडे गंडा बांधून शिकावं लागे; त्यांनी आपल्या गाण्याची ध्वनिमुद्रिकासुद्धा काढू दिली नाही. छत्रपतींच्या घरात इंग्रजी हवं होतं तर शाहू महाराजांसाठी धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर नेमले गेले. म्हणजे वर राजवाडा, खाली तालीम, दोन्हीकडे शिक्षक ठरलेला. मग जाहिरातीचं काम काय?

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, हे तिचं काम. कोल्हापुरात पेठेतला प्रत्येक डॉक्टर कुणाचा ना कुणाचा जावईच असतो. मूळव्याध झाली, पांढरे डाग उठले, मूल होईना, केस गळले, तर दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या ती बातमी रंकाळ्याला फेरी मारून घरी पोचते, पेशंट नंतर पोचतो. कलकत्त्यातल्या गोऱ्याला कुणीच ओळखीचं नव्हतं म्हणून तो जाहिरात वाचायचा. आमचा माणूस सगळेच ओळखीचे म्हणून वाचतो.

आणि ती वाचून काही मागवता यायची सोय झाली ती टपालामुळे. १८७७ मध्ये टपाल खात्याने व्हॅल्यू पेएबलची पद्धत आणली: आधी पार्सल दारात, मग पैसे पोस्टमनच्या हातात. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली. संस्थान होतं, पण डब्यातून ब्रिटिश हिंदुस्थान रोज उतरायला लागला. पुण्या-मुंबईची पत्रं आली आणि त्यांच्या पाठच्या पानावर बसून औषधं आली. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या, मुंबईच्या बाटलीवालांची तापावरची औषधं, डोंगऱ्यांचं बालामृत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाल्यावर तर त्यावरही गुणकारी म्हणवणारे अर्क आणि गोळ्या निघाल्या. पार्सलावर नुसतं नाव आणि पत्ता. आत काय हे पोस्टमनलाही ठाऊक नाही. 'गुप्तता राखली जाईल' या एका ओळीवर आमच्या धंद्याने किती वर्षं खाल्लं असेल! लंडनच्या अठराव्या शतकातल्या पत्रांत गुप्तरोगावरच्या गोळ्या विकणारे हेच वचन देत.

विलायती कंपन्यांनीही देशी भाषा सोडल्या नाहीत. थॉमस होलोवे याने १८३७ मध्ये गोळ्या आणि मलम विकायला सुरुवात केली आणि जगभरच्या पत्रांत जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला. त्याच्या सूचनापत्रकांचे हिंदुस्थानी भाषांतही तर्जुमे होते. त्या गोळ्यांत पुढे काय सापडलं? कोरफडीच्या रसाचा काळा बोळ, हिराबोळ आणि केशर. आमच्या आजीच्या फडताळात या तिन्ही वस्तू होत्या, काळा बोळ तर बाळंतिणीच्या खोलीत असायचाच. इथलाच वाण, पेटीत घालून, इंग्लंडच्या भाड्यासकट परत. आणि त्या गोळ्यांच्या पैशातून त्या गृहस्थाने लंडनजवळ मुलींचं भलंमोठं कॉलेज बांधलं, हेही खरं. औषधातून शिक्षण निघालं ते असं एकदा.

कॉलिस ब्राउनचं क्लोरोडाइन आणखी गमतीचं. हा इथल्या फौजेतला डॉक्टर, १८४८ च्या सुमारास कॉलऱ्यावर त्याने हे मिश्रण तयार केलं. अफू, गांजाचा अर्क, क्लोरोफॉर्म. जुलाब थांबायचे हे खरं, अफूने थांबतातच. माणूसही गप्प व्हायचा. आपल्याकडे गिरणीत जाणाऱ्या बाया पोराला बाळागोळी देऊन झोपवत, त्यातही अफूच होती. तिला कुणी पेटंट म्हटलं नाही एवढंच. आणि बीचमच्या गोळ्या: १९०९ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने पृथक्करण करून छापलं की त्यांत काळा बोळ, सुंठ आणि साबण आहे. छप्पन्न गोळ्यांची पेटी एक शिलिंग दीड पेनीला, आतल्या मालाची किंमत अर्धी फार्दिंग. बारा पेनींचा शिलिंग, पाव पेनीची फार्दिंग. मी गणित केलं. बरोबर १०८ पट. जपाची माळ ओढून नफा मोजावा असा आकडा.

आमच्या अण्णांचा शनिवार पेठेत ट्रेडल मशीनवर चालणारा छापखाना होता. हँडबिलं, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं. माझं लहानपण खिळ्यांच्या केसपाशी गेलं. त्यांच्याकडे चित्रांचे ठोकळे मोजकेच होते, जस्ताचे. त्यांतला एक दाढीवाला होता: भरघोस दाढी, कपाळाला गंध, नजर थेट गिऱ्हाइकावर. तो मूळव्याधीच्या हँडबिलावर वैद्य म्हणून बसायचा, पुढच्या आठवड्यात पेटी-तबला शिकवणाऱ्यांच्या हँडबिलावर संगीताचार्य म्हणून, आणि श्रावणात ज्योतिषी म्हणून. कुणी कधी हरकत घेतली नाही. अण्णा म्हणायचे, "दाढी दिसली की माणूस खिशात हात घालतोय." ठोकळ्याच्या नाकावरचा जस्त झिजून शेवटी चेहऱ्याच्या मधोमध पांढरा डाग उमटायला लागला. तेव्हा तो कोडाच्या औषधवाल्याने मागून नेला.

औषधाची लाज सर्वांना कळते. न येण्याची लाज तितकीच खोल असते, ती मला टेबलामागे बसून दिसली. एकदा एक गृहस्थ आले, सत्तरीच्या आसपासचे, पेठेत मोठं नाव, दुकान तीन पिढ्यांचं. जाहिरात द्यायला आले असतील म्हणून मी दरपत्रक पुढे केलं. त्यांनी धोतराच्या कनवटीतून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं, चार घड्या घातलेलं, घड्यांवर अक्षरं उडालेली. 'प्रौढांसाठी इंग्रजी संभाषण, स्वतंत्र बॅच, वैयक्तिक लक्ष'. माझ्याच एजन्सीमार्फत गेलेली जाहिरात.

"हे सर कसे आहेत ओ?" त्यांनी आवाज खाली घेऊन विचारलं.

"चांगले आहेत, काका. राजारामपुरीत आहेत. देऊ का नंबर लावून?"

"नको, नको. दुसरं गावाबाहेर कोण आहे का बघा. कागलला, जयसिंगपूरला. एस्टीनं जाईन मी." मग थोडं थांबून, "नातू पुण्याला असतोय. त्याची पोरगी फोनवर बोलत्या माझ्याशी. सगळं इंग्रजीतच. मी नुसतं हां हां करतो."

मूळव्याधीच्या पेशंटाने मला अगदी हेच विचारलंय: गावाबाहेर कोण आहे का. मी त्यांना इचलकरंजीतला एक नंबर दिला. त्यांनी तो कात्रणाच्या मागे लिहून घेतला आणि पुन्हा चार घड्या घातल्या.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून गावात आहे. तिथे पुस्तकांतून फुकट इंग्रजी शिकता येतं. पण तिथे ओळखीचे भेटतात.

कायदा या दोन्ही गिऱ्हाइकांच्या मागे लागलाय, फक्त वेगवेगळ्या वेळी. औषधांच्या जादूई जाहिरातींवरचा केंद्राचा कायदा १९५४ चा. त्याच्या परिशिष्टात रोगांची यादी आहे, त्यांवर इलाजाची जाहिरात करायची नाही: मधुमेह, कोड, प्लेग, लठ्ठपणा, आणि चक्क माणसाची उंची. ती यादी मी टेबलाच्या काचेखाली ठेवलीय. वैद्यबुवा आले की मी बोट ठेवतो, ते मान हलवतात, आणि 'उंची वाढवा'चं 'व्यक्तिमत्त्व खुलवा' होतं. क्लासवाल्यांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने खास मार्गदर्शक तत्त्वं काढली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये. मधे सत्तर वर्षं गेली. अंगाला लागलेली फसवणूक लवकर दिसते, डोक्याला लागलेली पोरगं मोठं होईपर्यंत दिसत नाही, त्यामुळे असेल. निवडीची, नोकरीची हमी द्यायची नाही. यशस्वी मुलाचा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही निकाल लागल्यानंतर घेतलेली.

परवा एका क्लासचे सर हेच समजावून घेत बसले होते. मी त्यांच्या मजकुरातली 'यशाची खात्री' पेनाने खोडली.

"मग काय लिहायचं? 'या आणि बघा'?"

"लिहा की. खोटं तर नाही."

"असल्यानं कोण येतंय, भाऊ?" त्यांनी कागद आपल्याकडे ओढला, जरा विचार केला, आणि खोडलेल्या जागेवर लिहिलं: 'नाद खुळा रिझल्ट'. "ह्याला लागतोय काय कुठला कायदा?"

मी काचेखालची यादी बघितली, मोबाइलवर ती तत्त्वं उघडून बघितली. नाद खुळ्याबद्दल कुठेच काही नव्हतं.

"नाही लागत," मी म्हटलं. "पण सर, दोन शब्दांचे तीन झालेत."

"लावा की बिलात," सर म्हणाले, आणि तिन्ही शब्द बोल्डमध्ये हवेत म्हणून सांगून गेले.